उपासाचे पाकीट

वावाऊ, टोंगा
रविवार, ५ जून १९८८
संध्याकाळचे पावणेसहा

प्रिय लाविनिया आत्या,

हे लिहायला बसलो तेव्हा घरात सगळे उपास सोडत आहेत. आईने जमिनीतल्या उमूच्या भट्टीवरची माती काढली, नीरफणस आणि अळूच्या पानांत बांधलेले मांस बाहेर काढले आणि मला दोन हाका मारल्या. मी ऐकू न आल्यासारखे केले. उलट्या ठेवलेल्या होडीवर फळी मांडून तुला लिहितो आहे. कालपासून तोंडात काही गेलेले नाही आणि आज जाईल असे वाटत नाही. आज सकाळी मी भरसभेत एका माणसाची लाज काढली. मुद्दाम नाही काढली, पण हे मी कुणाकुणाला सांगत फिरू?

तू आमच्या कितीतरी आधी मॉर्मन झालीस, आम्ही दोन वर्षांपूर्वी. त्यामुळे तुला सगळे ठाऊक आहे. तरी क्रमाने लिहितो, कारण क्रमाने लिहिले की नेमके कुठे चुकले ते मला दिसते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण दोन वेळचे जेवण सोडतो आणि त्या जेवणाचे पैसे पाकिटात घालून बिशपना देतो. ज्याच्या घरी चूल अडली असेल त्याच्याकडे त्यातून काय जायचे ते बिशप ठरवतात. मार्चपासून शनिवारी घरोघर पाकिटे न्यायचे काम बिशप काफोआंनी मला दिले आहे. मी ओसरीशी थांबतो, घरचे माणूस आत जाऊन पाकीट भरते, बंद करून आणून देते. मी उघडत नाही. पण पोती उचलायला बिशपना माणूस लागतो आणि त्यांची पाठ धरलेली असते. म्हणून ती कुठे जातात ते मलाही कळले.

आज भाकर आणि पाणी वाटून झाल्यावर, ज्यांना श्रद्धेची साक्ष द्यायची ते एकेक करून उभे राहू लागले. मीही उठलो. मला इतकेच सांगायचे होते की आपला उपास वाया जात नाही. पण आत्या, तुला आठवते का, आम्ही वेस्लियन चर्चमध्ये होतो तेव्हा मिसिनालेच्या, म्हणजे वार्षिक देणगीच्या दिवशी नावे कोण वाचायचे? चौदाव्या वर्षापासून मी. घराचे नाव, मग त्यांनी दिलेला आकडा, मग टाळ्या. ज्याचे नाव मोठ्याने घेतले गेले त्याचा मान वाढायचा. आज माझ्या तोंडून तोच आवाज निघाला.

मी म्हणालो, “आपण दोन वेळा जेवलो नाही म्हणून फेलेती मास्तरांच्या घरी चूल पेटते. एप्रिलमध्ये मैद्याची दोन पोती, मे महिन्यात दोन पोती आणि डब्यातल्या मांसाची पेटी. मी स्वतः उचलली आहेत.”

आणि टाळ्या पडतील म्हणून मी क्षणभर थांबलोसुद्धा. हे लिहिताना कान तापले आहेत.

फेलेती मास्तर तू जाताना आपल्या गावात राहायला आले नव्हते. आपल्या मंडळीची गाणी तेच बसवतात. जानेवारीत साखरेच्या आजाराने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. तेव्हापासून समुद्रावर जाणे बंद. हवाईला असलेला भाऊ पैसे पाठवतो, असे ते सगळ्यांना सांगत आले आणि सगळ्यांनी ते मानले. म्हणजे मी त्यांची गरज तर उघडी केलीच, शिवाय त्यांना खोटेही पाडले.

ते गायकांच्या बाकाशी कुबड्या टेकून बसले होते. माझ्याकडे पाहिले नाही. शेवटच्या गाण्याला उठले, हात वर केला, चारही कडवी नीट म्हणवून घेतली. मग कुबड्या घेऊन बास्केटबॉलच्या मैदानावरून सरळ फाटकाबाहेर गेले. मागून त्यांची बायको सालोमे काकू, मोठी मुलगी फुसी आणि लहान तिघे.

बिशप मला एवढेच म्हणाले, “इनोके, पोतं उचलायला मी तुला बोलावलं होतं. बोलायला नाही.”

दुपारपर्यंत गोष्ट वेस्लियनांत पोचली. लेमेकी मामा कुंपणाशी येऊन हसत उभा राहिला. म्हणाला, “काय रे, तुमच्याकडेही नावं वाचतात म्हणे आता? मग आम्हाला सोडून गेलास कशाला?”

मी ठरवतो आहे की इफीचा पाला गळ्यात घालून मास्तरांच्या दारात जाऊन बसावे. आपल्याकडे याहून मोठी माफी नाही. तू वडिलांची बहीण, तुझ्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. पण लवकर लिही. मे महिन्याचे वीस डॉलर पोचले.

तुझा भाचा,
इनोके

~

ऑकलंड
१५ जून

इनोके, आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तुझं अक्षर असं की शिव्या द्यायलासुद्धा जीव धजत नाही, पण देते. गाढवा! तुला मिसिनालेतून बाहेर काढलं, पण तुझ्यातून मिसिनाले काही निघालं नाही.

आता नीट ऐक. पाला घालून जाऊ नकोस. अजिबात जाऊ नकोस. जे सभेत शंभर माणसांनी ऐकलं ते अख्ख्या गावाला दाखवायचंय का तुला? तू गळ्यात पाला घालून रस्त्याने निघालास की पोरंटोरं विचारणार, कुणाकडे चाललाय, कशाबद्दल चाललाय. आणि उत्तर काय? मैद्याबद्दल. गप्प बस. मास्तर समोर आले तर मान खाली घाल आणि वाट सोड. माणसाला आपली लाज गिळायला जरा अंधार लागतो.

या वेळी दहाच डॉलर पाठवतेय. इकडे कारखान्यातल्या वेळा बदलल्यात, तुला सांगून कळायचं नाही. मी मजेत आहे. मंगळवारी आणि गुरुवारी चर्चच्या खिडक्या पुसायला जाते, हौस म्हणून. पेन संपलं म्हणून पेन्सिलीने लिहिलंय. आणि आपल्या लिपीत तुझ्या नावाआधी येणारी ती उलट्या स्वल्पविरामासारखी खूण पुन्हा राहिली, त्याची दुरुस्ती पाठवू नकोस.

जेवलास का? आधी जेव.

तुझी आत्या

~

वावाऊ
रविवार, १९ जून

प्रिय आत्या,

तुझे पत्र अजून आलेले नाही. मला वाट पाहवली नाही. काल, शनिवारी, मी गेलो.

रिवाजाप्रमाणे कमरेला आजोबांची फाटकी चटई बांधली, गळ्यात इफीचा पाला घातला आणि भेट म्हणून लेमेकी मामाचे डुक्कर घेतले. मामाच्या घरातले काहीही भाच्याने उचलावे, मामाने तोंड उघडू नये, ही आपली रीत. तोंड त्याने उघडलेच. “ने बाबा, ने. तुझ्या तोंडाची किंमत माझ्या डुकराने भरायची,” म्हणाला. पण दोरी स्वतः सोडून दिली.

डुक्कर वाटभर ओरडत होते. त्यामुळे लोक घराबाहेर आले. मास्तरांच्या कुंपणापाशी मी मान खाली घालून बसलो तेव्हा माझ्या मागे निम्मे गाव होते. मला तेव्हा बरेच वाटले, आत्या. वाटले, साक्षीदार जितके जास्त तितकी माफी खरी. खिडक्यांच्या फळ्या लावलेल्या होत्या. आत लहान मूल काहीतरी विचारत होते आणि सालोमे काकू त्याला गप्प करत होत्या. मागून कुणीतरी बाई म्हणाली, “मैद्याचंच ना ते?”  तेव्हा पहिल्यांदा उठून पळावेसे वाटले, पण पाला गळ्यात असताना उठता येत नाही.

बऱ्याच वेळाने मास्तर बाहेर आले. कुबड्या घेऊन तीन पायऱ्या उतरणे त्यांना जड जाते, आणि ते सगळ्यांनी पाहिले. त्यांनी माझ्या गळ्यातला पाला काढला. तो काढावाच लागतो, पाला घालून आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. म्हणाले, “ऊठ. माफ केलं.” आवाज अगदी नीट होता. मग डुकराकडे पाहून म्हणाले, “हे ज्याचं त्याला दे. आमच्याकडे खाणारे पुष्कळ आहेत, असं तू सांगितलंच आहेस.”

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

आज ते सभेला आले नाहीत. घरातले कोणीच आले नाही. गाणी कशीबशी झाली.

बुधवार, २२ जून. हे पत्र टाकायचे राहिले होते, तेवढ्यात तुझे आले. “अजिबात जाऊ नकोस” हे मी उभ्यानेच वाचले. आणखी एक लिहितो. सोमवारी बिशपनी मास्तरांकडे पोते पाठवले. मी नेले नाही, दुसऱ्याने नेले. त्याला मास्तर म्हणाले, “घर चुकलास.” पोते फाटकाबाहेरच राहिले. काल पाहिले तर कोंबड्यांनी कोपरा फोडला होता. फुसीने शाळा सोडली आहे. ती मळ्यात व्हॅनिलाच्या शेंगा खुडायला येते, माझ्या पुढच्या ओळीत असते. दुपारी सगळे जेवायला बसले की ती पाणी पिऊन येते.

इनोके

~

ऑकलंड
२९ जून

इनोके,

सांगून झालं, आता काय बोलू. त्या पोरीचं वाचून मात्र हातातला घास खाली ठेवला. पंधरा वर्षांची असेल ना?

तू आता काही करू नकोस. त्या घरापासून दूर राहा. तुझा हात लागला की बिघडतं.

या महिन्यात पैसे जमणार नाहीत, पुढच्या महिन्यात बघू. आईला सांग, आत्या मजेत आहे, जाड झालीय.

आत्या

~

वावाऊ
रविवार, १० जुलै

प्रिय आत्या,

तुझे पत्र परवा मिळाले. “दूर राहा” हे तू लिहिलेस. ते माझ्यापर्यंत पोचण्याआधीच मी तसे वागलो होतो. निदान एक गोष्ट तरी न विचारता बरोबर केली म्हणून थोडे हायसे वाटले.

२ तारखेच्या शनिवारी मी पाकिटे घेऊन निघालो. मास्तरांचे घर वाटेतच आहे. शेजारच्या घरचे पाकीट घेतले, मास्तरांच्या कुंपणाशी आलो आणि न थांबता पुढे गेलो. ते ओसरीवर बसले होते. ज्यांच्याकडे स्वतःसाठीच काही नाही त्यांच्यापुढे पाकीट धरणे म्हणजे जखमेवर बोट ठेवणे, एवढे मला आता कळते. मी त्यांच्याकडे पाहिलेही नाही, त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. ३ तारखेच्या उपासाला मास्तर आले नाहीत. सालोमे काकू आल्या, मागच्या बाकावर बसल्या आणि शेवटच्या गाण्याआधी निघून गेल्या.

आता मी एक मार्ग काढला आहे. तो कुणालाही न दुखवणारा आहे. चर्चचे ते घेणार नाहीत आणि माझे तर नाहीच. पण तू पाठवलेले नाकारता येणार नाही. तुझ्या मानाची बाई परदेशातून भेट पाठवते तेव्हा ती परत करणे म्हणजे अपमान, आणि मास्तर रीत सोडणारे नाहीत. तू साठ डॉलर पाठवलेस तर मी दुकानातून मैदा, तेल आणि साखर (साखर मास्तरांना चालत नाही, मुलांसाठी) घेऊन तुझ्या नावाने पाठवीन. मला माहीत आहे की साठ म्हणजे एकदम मोठी रक्कम झाली. पण तू डॉलरमध्ये कमावतेस, कारखान्यातल्या दोन-तीन दिवसांच्या पगाराचा प्रश्न आहे. तुला ते जाणवणारही नाही.

फुसी अजून मळ्यातच आहे. तिची लहान भावंडे खायला कच्चे नीरफणस पाडतात.

उत्तराची वाट पाहतो.

इनोके

~

ऑकलंड
२० जुलै

इनोके,

साठ डॉलर नाहीत. सहाही नाहीत.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं नाही. वाच आणि उमूत घाल.

फेब्रुवारीत कारखाना बंद झाला. आम्हा सगळ्या बायकांना एका शुक्रवारी दारात उभं करून सांगितलं. मी सोमवारी डबा घेऊन पुन्हा बसथांब्यावर जाऊन उभी राहिले, सवयीने नाही, घरमालकिणीने बघावं म्हणून. आठ दिवस तसं केलं. दुसरीकडे कुठे घेत नाहीत. माझं वय झालंय आणि इंग्रजी तुटकं आहे.

तेव्हापासून इकडचे बिशप मला जेवण पाठवतात. पिशवी येते. मैदा, तांदूळ, डबे. घेणाऱ्याने जमेल ते काम करावं असं ते म्हणतात, म्हणून मी खिडक्या पुसते. हौस कसली? त्या खिडक्या पुसण्यानेच मी जगलेय, नाहीतर ती पिशवी गळ्याखाली उतरली नसती.

तुला पाठवलेले डॉलर शिवणाचे. एका बाईचे पडदे शिवले, मग मशीन विकली. आता विचारशील, पाठवलेस कशाला? तुमच्या घरात माझा फोटो वर लावलेला आहे ना, म्हणून. मी तुझ्या बापाची बहीण. लग्न असो, मयत असो, मी वर बसणार आणि भारी चटई माझ्या पुढ्यात येणार. आयुष्यभर घेत आले, इनोके, आणि एकदाही लाज वाटली नाही. ते घेणं माझं होतं. ही पिशवी माझी नाही. तिला हात लावताना मी भिंतीकडे तोंड करते, घरात दुसरं कुणी नसताना.

आता तुझं १० तारखेचं पत्र. तू फार अभिमानाने लिहिलंस की त्यांच्या घरावरून पुढे गेलास.

आमच्याकडे पाकिटं घेऊन एक तरुण येतो, सामोआचा, चांगला मुलगा. पूर्वी माझ्या दाराशी यायचा, मी त्याला उभ्याउभ्या केळं खायला लावायची. मार्चमध्ये तो शेजारी आला, माझ्या खिडकीकडे बघून हसला, हात हलवला आणि पुढे गेला. मला वाटलं, विसरला. मी तीन नाणी रुमालात बांधून ठेवली होती. एप्रिलमध्ये पुन्हा हसला. इतका गोड हसला की काय सांगू. कारखाना गेला तेव्हा मी रडले नाही. त्या हसण्यानंतर रडले.

सगळं जग मला म्हणत होतं, बाई, तू घे. एकाने तरी म्हणावं ना, तू दे.

तो मुलगा माझं वाईट चिंतत नाही. तूही नाही. म्हणूनच सांगायला तोंड धजत नाही, त्यालाही आणि तुलाही. पण तुला आता सांगितलं.

मी दूर राहा म्हणाले ते चुकलं माझं. बाकी तुझं तू बघ.

आत्या

~

वावाऊ
रविवार, ७ ऑगस्ट, दुपार

प्रिय आत्या,

तुझे पत्र वाचले आणि सांगितल्याप्रमाणे उमूत घातले. आईला काही बोललो नाही. “तुला ते जाणवणारही नाही” हे वाक्य मी स्वतः लिहिले, शुद्ध लिहिले, आणि टपालात टाकले. त्या वाक्याचे मी काय करू ते मला अजून कळत नाही. क्षमा माग असे तू म्हणणार नाहीस. पण मागतो. या वेळी पाला नाही, डुक्कर नाही.

काल शनिवार होता. पाकिटे घेऊन निघालो आणि शेजारचे घर झाल्यावर मास्तरांच्या फाटकातून आत गेलो.  ते ओसरीवर फळीला घासकागद मारत बसले होते. सालोमे काकू दारात आल्या आणि माझ्या हातातले पाकीट पाहून जागीच थांबल्या. तेवढ्यात फुसी मळ्यातून आली. तिने आईचा हात धरला.

मी इतर घरी म्हणतो तेच म्हणालो, “मास्तर, उद्या उपासाचा रविवार. पाकीट आणलंय.”

ते फळी घासत राहिले. मग म्हणाले, “गेल्या महिन्यात आमच्या फाटकाशी खड्डा पडला होता वाटतं.”

मी म्हणालो, “नाही मास्तर. मीच आलो नाही.”

“का?”

“मला वाटलं की तुम्हाला...”

“तुला फार वाटतं रे.” त्यांनी फळी बाजूला ठेवली. “सभेत बोललास ते मी गिळलं. पोरगा नवा आहे, जुनी सवय आहे, म्हटलं. पाला घालून वाजतगाजत आलास, तेही गिळलं. पण त्या शनिवारी मी इथे पैसे मुठीत धरून बसलो होतो. तू समोरून गेलास. मान वळवून गेलास. मेलेल्याच्या घरावरून जातात तसा.”

मी पाकीट तसेच पुढे धरून ठेवले. 

मग ते बायकोकडे वळून म्हणाले, “सालोमे, दोन वेळच्या जेवणाचे पैसे द्यायचे असतात ना? आपण तर गेला महिनाभर उपासच धरलाय. त्या हिशोबाने आपल्याकडून बरंच निघतं.” काकूंना हसू आले आणि त्याच वेळी त्यांचे डोळे भरले. फुसी मात्र खरेच हसली. ती त्या घरात हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मास्तरांनी माझ्या हातातून पाकीट घेतले. आत गेले नाहीत, कुबडीवर जोर देऊन तिथेच माझ्याकडे पाठ केली. किती वेळ लागला ते मी मोजले नाही. वळले तेव्हा पाकीट चिकटवलेले होते. ते माझ्या हातात दिले, पण लगेच सोडले नाही.

“आकडा वाचून दाखवणार का सभेत?”

“पाकीट बंद आहे, मास्तर.”

त्यांनी सोडले. वर म्हणाले, “पलीकडच्या म्हातारीकडे जोरात हाक मार, तिला ऐकू येत नाही.” तेवढेच. बस म्हणाले नाहीत, पाणी विचारले नाही.

आज ते सभेला आले. गायकांच्या बाकाशी नाही, मागे, दाराजवळ. सगळे त्यांच्याकडे पाहायचे टाळत होते आणि ते टाळणेच दिसत होते. साक्षीच्या वेळी मी उठलो नाही. कोणी उठून एखादे नाव घेईल की काय या भीतीने बाकाची कड धरून बसलो होतो. सभा झाल्यावर ते बिशपशी फाटकापाशी बोलले. काय बोलले ते मी ऐकले नाही, दूर उभा राहिलो. नंतर बिशपनी संध्याकाळी पोते न्यायला माणूस बोलावला. मला नाही. ते बरोबरच आहे. बदल्यात मास्तर दर बुधवारी चर्चचे मोडके बाक दुरुस्त करणार आहेत, असे बिशपच्या बायकोने आईला सांगितले आणि वर बजावले की हे कुणाला सांगू नको. आईने मला सांगितले. मी तुला लिहितो आहे, म्हणजे माझी सवय गेलेली नाही. पण तू दूर आहेस आणि तुला सांगण्यासारखे आहे असे वाटले.

मास्तर मला पुन्हा पूर्वीसारखे “बेटा” म्हणतील असे वाटत नाही. फुसी पुढच्या सत्रात शाळेत जाईल की नाही ते ठरलेले नाही. उद्या मळ्यात ती पुन्हा माझ्या पुढच्या ओळीत असेल.

एक विनंती आहे. पुढच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी खिडकीत बसू नकोस, दारात उभी राहा. तो सामोआचा मुलगा हसून पुढे जायला लागला की हाक मार. तो माझ्यासारखाच असेल, आपण फार बरे करतो आहोत असे त्याला वाटत असेल. त्याला कुणीतरी सांगावे लागेल. मला तू सांगितलेस.

तुझ्याकडून आता काही पाठवायचे नाही. तुझा फोटो आहे तिथेच राहील.

सोबत हिशोब.

फेब्रुवारी ते मे, तुझ्याकडून आलेले: ८० डॉलर
जूनमध्ये आलेले: १० डॉलर
यातले परत, व्हॅनिलाच्या मजुरीतून, मनिऑर्डर सोबत: २५ डॉलर
तुला अजून देणे: ६५ डॉलर
डुक्कर परत नेताना तुटलेली दोरी, लेमेकी मामाला: १ पाआंगा २० सेनिती. मामा घेत नाही, म्हणून अजून देणे
टपाल, आजच्या पत्रासह: २ पाआंगा १० सेनिती, दिले
माझे कालचे आणि आजचे जेवण, पाकिटात: १ पाआंगा ५० सेनिती
फेलेती मास्तरांकडून आलेले: माहीत नाही

इनोके